प्रेम-थरारपट लिहिताना तिचा नकार ऐकावा

३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, महाविद्यालयात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवण्यात आले. आठवडाभराने नागपुरात तिचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. वर्धा जिल्ह्यात घडणारा प्रेम-थरारपट लिहिणाऱ्याने हे विसरू नये.

काय टाळावे

• पाठलागाला प्रेमगीताची साथ देऊ नये. ‘डर’मधला (१९९३) राहुल खलनायक होता, तरी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले ते त्यालाच. ‘रांझणा’मध्ये (२०१३) नकार मिळताच नायक मनगट कापतो आणि ती निष्ठा ठरते. असा प्रसंग लिहूच नये.

• हल्ला रेंगाळत दाखवू नये. ‘छपाक’ (२०२०) हल्ल्यानंतरच्या नायिकेच्या कोर्टकचेऱ्या आणि कामाकडे वळतो, ती दिशा धरावी.

• खऱ्या घटनेतल्या मुलीचे नाव, गाव, घर वापरू नये.

• प्रेमभंग झालेला नायक वर्ध्यातल्या झगमगत्या बारमध्ये बसवू नये. जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे; मिळते ती चोरून.

• वऱ्हाडी बोली केवळ हशासाठी ठेवू नये. वकील आणि प्राध्यापिकाही घरी तीच बोलतात.

काय करावे

• थरार नायिकेच्या बाजूने रचावा. रोज एसटी स्टँडवर कुणी मागे येतो, हे घरी सांगावे की नाही? सांगितले तर कॉलेज बंद होईल, घाईने स्थळ पाहतील. नाही सांगितले तर ती एकटी पडेल. खरे भय या पेचात आहे. त्यासाठी काळोखी गल्ली, कर्कश पार्श्वसंगीत काहीच लागत नाही. पटकथेचा निम्मा वेळ इथे दिला तरी चालेल.

• पाठलाग २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली. पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यातला प्रसंग हे वाचून लिहावा.

• दोघांची जात लपवू नये. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये राहिलेल्या गांधीजींनी उत्तरायुष्यात, वधू-वरांपैकी एकजण हरिजन असेल त्याच लग्नाला आशीर्वाद देण्याचे ठरवले होते. त्या जिल्ह्यातल्या प्रेमकथेत आडनावेच नसावीत, हे मला पटत नाही.

• पटकथा आर्वी, देवळी, हिंगणघाटहून वर्ध्याला शिकायला येणाऱ्या मुलींना वाचून दाखवावी. त्या ज्याला खोटे म्हणतील ते काढावे, दिग्दर्शकाचे कितीही लाडके असले तरी.