बांधावरचा पट्टेरी भुंगा हुमणीचा नव्हे



मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या गट ऑफिसात बाटल्या आणि बरण्या येऊ लागतात. कुणाच्या बरणीत अळी, तर कुणाच्या बाटलीत भुंगा. एका पावसाळ्याच्या तोंडाला लासुर्णे भागातील एक सभासद पंचवीस-तीस लहान भुंगे घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, हुमणी निघाली. सारा बांध भरलाय. औषधाची चिठ्ठी द्या." आम्ही बरणी उजेडाला धरून पाहिली. ते हुमणीचे भुंगे नव्हतेच, गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे होते. चिठ्ठी दिली असती, तर आपल्याच पैशाने आपलाच गडी मारल्यासारखे झाले असते.

हे फक्त सभासदांचेच चुकते असे नाही. हुमणीचे भुंगे गोळा करण्याच्या एका मोहिमेत आमच्याच माणसांनी हे भुंगेही रॉकेलच्या पाण्यात टाकले होते. दोन्ही भुंगे पहिल्या पावसाला जमिनीतून वर येतात, म्हणून हा घोटाळा होतो. तेव्हा एकदा नीट ओळख करून घेऊ.

हा भुंगा आला कोठून ?

गाजर गवत, म्हणजे आपले काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी, मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात ते प्रथम नजरेस आले १९५५ च्या सुमारास, आणि तेही आपल्या पुण्यात. पुढे ते देशभर पसरले. एका झाडाला हजारो बिया धरतात. खुरपणाऱ्या बायाबापड्यांच्या हाताला त्याने खाज आणि फोड येतात, काहींना दमाही होतो. गवत इकडे आले, पण त्याला खाणारा किडा तिकडेच राहिला. म्हणून १९८३ साली बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत हा भुंगा मेक्सिकोहून आणला गेला आणि तपासणीनंतर १९८४ पासून मोकळ्या रानात सोडला गेला. त्याचे शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. पाने खाणाऱ्या भुंग्यांच्या कुळातला हा आहे.

ओळख कशी पटवावी ?

मेक्सिकन भुंगा : लांबी सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. पाठ फुगीर. डोके व मान तपकिरी. पंखांचा रंग मळकट पांढरा आणि त्यावर गडद तपकिरी, वेडेवाकडे उभे पट्टे. दिवसाउजेडी गाजर गवताच्या पानांवर बसलेला सापडतो.

हुमणीचा भुंगा : याच्या तिप्पट लांब, सगळा तपकिरी, अंगावर पट्टा नाही. दिवसा जमिनीत दडतो. दिवेलागणीनंतर बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतो.

ढालकिडा : हा मेक्सिकन भुंग्याएवढाच किंवा थोडा लहान, पण लाल-नारिंगी आणि बहुधा काळ्या ठिपक्यांचा. मावा खातो, म्हणून हाही मित्रच.

थोडक्यात सांगायचे तर, लहान आणि पट्टे असलेला तो मेक्सिकन, लहान आणि ठिपके असलेला तो ढालकिडा, मोठा आणि साधा तपकिरी तो हुमणीचा. एवढे घरातल्या पोरांनाही शिकवून ठेवा.

जीवनक्रम

मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते. चार-पाच दिवसांत पिवळट अळी निघते. लहान अळी शेंड्याचे व पेऱ्याचे कोंब खाते, मोठी झाल्यावर पाने खाते. कोंबच गेल्यावर फूल कोठून येणार ? पूर्ण वाढलेली अळी जमिनीत शिरून कोष करते आणि आठ-बारा दिवसांनी नवा भुंगा वर येतो. अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण एक महिना लागतो. हिवाळा सुरू झाला की बरेच भुंगे जमिनीत जाऊन झोपतात, ते पुढच्या पावसालाच उठतात.

उसाला धोका आहे का ?

नाही. हा भुंगा ऊस खात नाही. सूर्यफूल लावणारे सभासद मात्र विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. १९९० नंतर कर्नाटकात काही ठिकाणी हे भुंगे सूर्यफुलाची पाने खाताना आढळले, तेव्हा मोठी ओरड झाली आणि केंद्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अभ्यासात दिसले ते असे की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले, तर भुंगा ते पान कुरतडतो. म्हणजे सूर्यफुलाच्या बांधाचे गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटणे, हाच त्यावर उपाय.

आपण काय करावे ?

१) बांधावर, पाटाकडेला गाजर गवत चाळणीसारखे झालेले दिसले, तर तेथे कीटकनाशक वा तणनाशक मारू नका.

२) जेथे भुंगे दाट असतील तेथून पाचशे-हजार गोळा करा. जाळीच्या झाकणाच्या बरणीत गवताच्या पाल्यासह ठेवा आणि भुंगे नसलेल्या ठिकाणी संध्याकाळी सोडा. जून ते सप्टेंबर हा काळ चांगला.

३) सगळा भार भुंग्यावर टाकू नका. पाऊस लांबला की तोही लांबतो. ऊसात व वस्तीजवळ गवत फुलापूर्वीच हातमोजे घालून उपटावे. पडीक जागेत तरोट्याचे बी टाकावे, तरोटा गाजर गवताला दाबतो.

४) हुमणीचे भुंगे मात्र जरूर मारा. संध्याकाळी झाडे हलवून खाली पडलेले भुंगे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका.

२००२ साली लोकरी मावा आला, तेव्हा कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या कीटकांनीच ऊस सावरला, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हाही आधी ओळख पटली, मग उपयोग झाला.

कोणताही किडा संशयास्पद वाटला तर फवारणीआधी तो गट ऑफिसात आणून दाखवा. आम्हालाही शंका आली, तर शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घेऊ. एक दिवस उशीर झाला तरी चालेल, मित्र मेला तर तो पुढच्या मृगापर्यंत मिळायचा नाही.