केंद्रशाळेतील प्रिंटर आणि दूरच्या शाळा



केंद्रशाळेत एक प्रिंटर असावा आणि भोवतालच्या शाळांतील गुरुजींनी पेन ड्राइव्ह खिशात घालून तेथवर यावे, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. आपल्या शाळेतूनच मजकूर पाठवावा व तो केंद्रशाळेत छापून निघावा, अशी व्यवस्था करणे आता फारसे कठीण नाही. मात्र ती करताना कोणते दार उघडावे आणि कोणते मिटलेले ठेवावे, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे.

प्रिंटर हे यंत्र मोठे भोळे आहे. जाळ्याला जोडता येणारे बहुतेक प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जाळ्यातील द्वारावर, येईल ते छापतात. पाठविणारा कोण, हे विचारीत नाहीत. राउटरमधून हे द्वार इंटरनेटकडे उघडले की काम चटकन साधते, म्हणूनच हा मोह होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका इसमाने अशा उघड्या राहिलेल्या सुमारे ५० हजार प्रिंटरांवर एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात छापविल्याचे स्वतःच सांगितले होते.

यास्तव मध्ये प्रिंट सर्व्हर ठेवावा. हा एक साधा संगणक असून आलेली कामे तो रांगेत लावतो, प्रिंटरला समजेल अशा रूपात आणतो आणि एकामागून एक सोडतो. जुना संगणकही चालतो. त्यावर लिनक्स घालून ‘कप्स’ ही विनामूल्य प्रणाली बसवावी. तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये निघाली. ती ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर काम करते. प्रथम राउटरमध्ये प्रिंटर व सर्व्हर यांचे पत्ते कायमचे नेमून द्यावेत, नंतर केंद्रशाळेतीलच दुसऱ्या संगणकावरून चाचणीचे पान काढावे. ते निघेपर्यंत इंटरनेटचा विचार करू नये.

बाहेरच्या शाळांसाठी ६३१ हे द्वारही उघडू नये. ‘वायरगार्ड’सारखी व्हीपीएन, म्हणजे किल्ली असणाऱ्यांनाच प्रवेश देणारी खासगी वाट, करावी व प्रत्येक शाळेस वेगळी किल्ली द्यावी. सिमकार्डावरील जोडणीत एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळदा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून केंद्रशाळेपर्यंत पोहोचता येत नाही. तेथे सार्वजनिक पत्ता असलेला एखादा मध्यस्थ संगणक घ्यावा लागतो.

आता गोपनीयतेविषयी. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे एका सायंकाळी चाचणीची प्रश्नपत्रिका बाहेरगावाहून पाठविली गेली. प्रिंटरमधील कागद संपले होते. सकाळी एका मुलाने, गुरुजींना तेवढीच मदत म्हणून, कागद भरले आणि प्रती त्याच्याच हाती पडल्या. पोर प्रामाणिक, त्याने त्या पालथ्या घालून टेबलावर ठेवल्या आणि मला येऊन सांगितले. तरीही चाचणी नव्याने काढावी लागली, आणि वर्गात संशयाचे बोट मात्र त्या मुलाकडेच वळले. दोष सर्वस्वी आमच्या व्यवस्थेचा होता.

त्यावर उपाय सोपा आहे. कप्समध्ये ‘जॉब होल्ड अनटिल’ हा पर्याय ‘इनडेफिनिट’ असा ठेवला, तर आलेले काम रांगेतच थांबते. केंद्रप्रमुखांनी प्रिंटरजवळ उभे राहून ते सोडावे. शिवाय छपाईनंतरही कामाची फाइल सर्व्हरवर सामान्यतः एक दिवस, म्हणजे ८६,४०० सेकंद, राहते. परीक्षांच्या दिवसांत ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’ या नोंदीपुढे ‘नो’ लिहून सर्व्हर पुन्हा सुरू करावा.