चाऱ्यातले औषध, घरातला ताप

"सिस्टर, मागच्या वेळी याच गोळीने मूल बरे झाले होते. आता का होत नाही?" वस्तीत फिरताना हा प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जातो. ताप विषाणूचा असेल तर अँटिबायोटिक चालतच नाही. पण कधी आजार जंतूंचाच असतो आणि जंतू औषधाला दाद देत नाहीत. अर्धवट घेतलेल्या गोळ्या हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण जनावरांच्या गोठ्यात आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

हे कारण समजून घ्यायला अमेरिकेतील गोमांसाचा धंदा पाहू. तिथे जनावरांसाठी किती अँटिबायोटिक विकले गेले, याचा हिशेब सरकार दरवर्षी जाहीर करते.

तिथे काय घडते?

वासरू सहा-आठ महिन्यांचे होईपर्यंत आईबरोबर कुरणात चरते. मग ट्रकमध्ये भरून त्याला टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का अशा राज्यांतल्या मोठ्या वाड्यांत नेतात. काही वाड्यांत हजारो जनावरे असतात. आईपासून तोडलेली, प्रवासाने थकलेली, ठिकठिकाणची वासरे एकत्र आली की त्यांच्यात फुप्फुसाचा आजार पसरतो. एका खोलीत दहा माणसे झोपली की एकाचा खोकला सगळ्यांना लागतो, तसेच हे. म्हणून अनेकदा आल्या आल्या सगळ्या कळपाला अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतात, निरोगी वासरांनासुद्धा.

पुढे वजन वाढवण्यासाठी मक्यासारखे धान्य भरपूर खाऊ घालतात. गवत खाणाऱ्या जनावराच्या पोटात त्याने आम्ल वाढते आणि यकृतात पू होतो. तो होऊ नये म्हणून खाद्यात टायलोसिन नावाचे औषध मिसळतात. आपल्या दवाखान्यात मिळणारी अझिथ्रोमायसिनची गोळी याच औषधाच्या कुळातली आहे.

याहून वाईट चाल आधीची होती. थोडे थोडे अँटिबायोटिक रोज खाऊ घातले की जनावर लवकर वाढते, हे १९५०च्या सुमारास लक्षात आले. १९५१ साली अमेरिकन सरकारने खाद्यात ते मिसळायला परवानगी दिली. म्हणजे आजार नसताना, फक्त वजनासाठी औषध! अशा थोड्या मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट जंतू उरतात आणि त्यांचीच पैदास होते. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगितला होता.

जंतू आपल्यापर्यंत कसे येतात?

कापताना आतड्यातले जंतू मांसाला लागतात. शेणातून ते शेतात आणि पाण्यात जातात, काम करणाऱ्यांच्या हातावरून घरात येतात. जून २०१८ ते मार्च २०१९ या काळात अमेरिकेत साल्मोनेला जंतूमुळे २५५ माणसे आजारी पडली, दोघे दगावले. त्या जंतूवर अझिथ्रोमायसिनचा प्रभाव कमी पडत होता. तेच जंतू अमेरिकेतल्या गोमांसात आणि मेक्सिकोतून आणलेल्या मऊ चीजमध्ये सापडले.

सुधारणा होते का?

होते. वजन वाढवण्यासाठी अँटिबायोटिक्स वापरणे युरोपीय संघाने २००६ पासून पूर्ण बंद केले, तर माणसांच्या उपचारात लागणारी अँटिबायोटिक्स त्यासाठी वापरणे अमेरिकेने २०१७ पासून बंद केले. अमेरिकेत ही औषधे खाद्यात मिसळायलाही पशुवैद्याचा लेखी आदेश लागू लागला. त्या एका वर्षात जनावरांसाठीची त्यांची विक्री आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने घटली. जून २०२३ पासून तिथे अशी इंजेक्शनेही चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. मात्र आजार होऊ नये म्हणून औषध देण्याची वाट अजून खुली आहे.

जबाबदार पशुपालक वासराला विकण्याआधी साधारण ४५ दिवस आईपासून वेगळे करून सांभाळतात, लस टोचतात, गव्हाणीत खायला शिकवतात. धान्य हळूहळू वाढवतात. आजारी जनावर ओळखून त्यालाच औषध देतात आणि औषधानंतरचे ठरलेले दिवस संपल्याशिवाय ते कत्तलीला पाठवत नाहीत.

आपल्या देशात कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून ठेवलेले औषध कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. २०१९ साली केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

आपण काय करायचे?

• शेळी, म्हैस, कोंबडी आजारी पडली तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. स्वतःच्या मनाने इंजेक्शन आणू नका, माणसाच्या गोळ्या जनावराला देऊ नका.

• औषधानंतर किती दिवस दूध आणि मांस वापरायचे नाही, हे डॉक्टरांना विचारा. उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश जाईलच असे नाही.

• वेळेवर लस, कोरडी जागा आणि स्वच्छ पाणी द्या. औषधाची गरज त्याने कमी होते.

• मोठ्याचे असो की बकऱ्याचे, मटण आतपर्यंत शिजू द्या. कच्चे मटण कापलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कांदा-कोथिंबिरीला लावू नका. हात साबणाने धुवा.

• पाकिटावर उभी लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. सांगितले तितके दिवस घ्या. उरलेली गोळी शेजारणीला देऊ नका.

स्वस्त गोळी निकामी झाली की महागडी इंजेक्शने लागतात, दवाखान्यातले दिवस वाढतात, रोजी बुडते आणि कर्ज होते. हा फटका आधी आपल्याच वस्तीला बसतो. म्हणून या महिन्यात महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या आणि घरात शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्या बायांना आवर्जून बोलवा.