भिंतीची ओल कुठून येते, ते रंगाआधी शोधा



दरवर्षीचं ठरलेलं आहे. १ जूनला मासेमारी बंद, होड्या वर, जाळी घरात. जुलैत भिंतीवर काळे डाग आणि कुबट वास. मग चवथ जवळ आली की वॉटरप्रूफ रंगाचा डबा आणायचा, आणि दिवाळीपर्यंत त्याचे पापुद्रे सुटायचे. आपल्या एका सभासदाच्या घरी हे सलग तीन वर्षं झालं. यंदा आजीचा दमा वाढला, तेव्हा रंगाऐवजी कारण शोधायचं ठरलं. आम्ही दोघे-तिघे जाऊन बघून आलो. अशी घरं आपल्याकडे बरीच, म्हणून लिहितो.

आधी डाग कुठे आहे आणि कधी वाढतो ते बघा. पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात किंवा तड्याजवळ असेल आणि झड लागली की वाढत असेल, तर पाणी बाहेरून येतंय. जुनी माणसं त्या बाजूला माडाचे झाप बांधायची ते उगाच नाही. वरून खाली उतरत असेल तर कौल फुटलंय किंवा पन्हळ तुंबलीय. मे महिन्यातही सुकत नसेल तर नळाचा पाइप तपासा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत आडवा पट्टा असेल तर ओल खालून चढतेय.

इथे पट्टा खालूनच होता. पण जोतं तर दोन फूट उंच, असं घरचे म्हणत होते. बाहेर जाऊन बघितलं. मासळी सुकवायला अंगणात भर घालून काँक्रीट केलेलं, त्यात जोतं जवळजवळ गाडलं गेलेलं, आणि उतार चक्क घराकडे! पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहायचं. चिरा ते शोषतो. वरून सिमेंटचा गिलावा, त्यामुळे ओलीला बाहेर पडायला वाट नाही, ती आणखी वर चढते.

दुसऱ्या डागाने मात्र आम्हाला चकवलं. आतली भिंत, पाच फूट उंचीवर, वर-खाली सगळं कोरडं. त्यावर पांढरी भुकटी. ओलं बोट फिरवलं तर ती विरघळली. बुरशी अशी विरघळत नाही, हे मीठ. वर बघतो तर खुंटी! वर्षानुवर्षं तिथे न धुतलेली जाळी टांगलेली. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा त्याहून दमट. म्हणजे कुठेही गळती नसताना भिंत पाझरते. अशा जागी कितीही महाग रंग लावा, सुटणारच.

तरीही शंका राहिली तर फूटभर जाड प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर ती घरातल्या हवेतली: चुलीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे. मग खिडक्या उघडायच्या, भिंत फोडायची नाही.

त्या घरी भिंतीलगतचं हातभर काँक्रीट फोडून चर काढला, पाणी आता माडांकडे जातं. जाळी गोड्या पाण्यात धुऊन पडवीत टांगतात. मिठाचा गिलावा पाऊस संपल्यावर चिऱ्यापर्यंत काढायचा, आणि नवा चुन्याचा करायचा. तोवर बुरशी पुसताना तोंडाला कापड बांधा आणि कोरडा ब्रश मारू नका, ती घरभर उडते. ब्लीचिंग वापरत असाल तर त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. आजीला त्या वेळी शेजारी बसवलं होतं.

यंदा चवथीला त्यांची भिंत तशीच राहणार. गणपतीच्या मागे साडीचा पडदा लावायचं वहिनींनी ठरवलंय, रंगाचं मार्चमध्ये बघू म्हणाल्या.