सुटी वाहिनी की गठ्ठा?

मुलांनो, अकोल्याच्या बाजारात ज्वारी घ्यावयास गेलेल्या मनुष्यास दुकानदार म्हणाला, “सोबत तूरही घ्यावीच लागेल,” तर ते त्यास रुचेल काय? दूरचित्रवाणीच्या वाहिन्या मात्र पुष्कळ वर्षे बहुधा अशाच गठ्ठ्याने विकल्या जात. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नवे नियम अमलात आले. प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर झाली व हव्या तेवढ्याच वाहिन्या घेण्याची मुभा ग्राहकास मिळाली.

समजा, प्रत्येकी १० रुपयांच्या ६ वाहिन्यांचा गठ्ठा ४५ रुपयांस मिळतो. सहाही पाहणाऱ्यास तो स्वस्त. परंतु दोनच पाहणाऱ्यास २५ रुपयांचा भुर्दंड! म्हणून आधी गरज ओळखावी, मग हिशेब मांडावा. हिशेबावाचून निवडीचा अधिकार व्यर्थ होय.