क्योतोत यादी छोटी ठेवा

क्योतोला निघालेलं कुणी ओळखीचं आपलं कार्यक्रमपत्रक दाखवायला आलं, की मी आधी एका दिवसातली ठिकाणं मोजते. तीनपेक्षा जास्त निघाली तर खोडायला सुचवते. माणसं नाराज होतात. एवढा खर्च करून जायचं आणि सोन्याचं मंदिर बघायचं नाही का, असं विचारतात. जरूर बघा. पण मग त्याच दिवशी कियोमिझु-देरा नको. एक शहराच्या वायव्य टोकाला आहे, दुसरं पूर्वेच्या डोंगरउतारावर, आणि मधलं अंतर गर्दीच्या दिवसांत बसमध्ये उभं राहून काढावं लागतं.

हे मी इतकं ठामपणे सांगते, कारण उलट केलं की काय होतं ते आम्ही भोगलं आहे. आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो, नोव्हेंबरच्या शेवटी, मेपलची पानं लाल होतात त्या दिवसांत. सोबत माझी आई होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारे, पण बागांची विलक्षण आवड असलेली. कंपनीच्या पत्रकात क्योतोच्या एकाच दिवसात सहा नावं छापलेली होती आणि ती वाचून घरात सगळे खूश झाले होते. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग वाहनांच्या रांगेत गेला. र्‍योआन-जीला उतरताना टूर मॅनेजरनं सांगितलं, पंधरा मिनिटांत परत. तिथे बूट काढून आत जावं लागतं. त्या रांगेतच निम्मा वेळ संपला. आई लाकडी ओसरीवर जेमतेम टेकली, तोच हाक आली. गिन्काकु-जीला पोचलो तेव्हा प्रवेश बंद होत होता. पत्रकातल्या त्या नावासमोर नंतर बरोबरची खूण झाली, कारण बस तिथपर्यंत गेली होती.

आई रात्री काही बोलली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. सुदैवानं सहल संपल्यावर आम्ही दोघी ओसाकात भाच्याकडे राहणार होतो. तिथून क्योतो जलद गाडीनं अर्ध्या तासावर. मग आम्ही आमच्या चालीनं पुन्हा गेलो, आणि आता जे सांगते आहे ते त्या फेऱ्यांमधून कळलेलं आहे.

पहिली गोष्ट शहराच्या रचनेची. क्योतो 794 साली राजधानी झालं आणि हजार वर्षांहून अधिक काळ सम्राटांचं शहर राहिलं. तीन बाजूंना डोंगर, मध्ये सपाट, चौकटीत आखलेले रस्ते. मोठी मंदिरं बरीचशी डोंगरांच्या पायथ्याशी, म्हणजे शहराच्या कडांवर. त्यामुळे नावांची यादी करून फिरू नका, दिशा धरून फिरा. पूर्वेचा दिवस म्हणजे गिन्काकु-जीपासून कालव्याकाठच्या तत्त्वज्ञ-पथानं दक्षिणेला नान्झेन-जीपर्यंत; सुमारे दोन किलोमीटरची सपाट वाट, मध्ये होनेन-इनचं गवती छपराचं दार. वायव्येचा दिवस म्हणजे किन्काकु-जी (तेच सोन्याचं मंदिर) आणि र्‍योआन-जी. पश्चिमेला आराशियामा, दक्षिणेला फुशिमी इनारी आणि तोफुकु-जी.

शहराच्या बसना पर्यटक जेवढे चिकटतात तेवढं चिकटायचं कारण नाही. फुशिमी इनारी आणि तोफुकु-जी या दोन्हींजवळ रेल्वे स्टेशनं आहेत. नान्झेन-जीसाठी भुयारी रेल्वेचं केआगे स्टेशन आहे. आराशियामाहून र्‍योआन-जीच्या बाजूला जायला केइफुकु कंपनीची छोटी ट्राम आहे, आणि तिच्यात आईला बहुतेक वेळा बसायला जागा मिळाली. जेआर कंपनीच्या रेल्वेनं फुशिमी इनारीला जाताना एवढं बघा की गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबणारी असावी. नाराकडे जाणाऱ्या जलद गाड्या इनारी स्टेशनवर थांबत नाहीत. बसनं जावंच लागलं तर मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरताना पैसे द्यायचे. मोठ्या बॅगा घेऊन चढू नका. त्या बसमधून तिथले म्हातारे लोक दवाखान्यात आणि बाजारात जात असतात.

वेळेचं गणित आपल्याकडच्यापेक्षा वेगळं आहे. आपली देवळं रात्री शेजारतीपर्यंत उघडी असतात, तिथली बहुतेक मंदिरं संध्याकाळी पाचला किंवा त्याआधी बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याहून अर्धा तास आधी. हिवाळ्यात पावणेपाचलाच सूर्य मावळतो. म्हणून दिवस पहाटे सुरू करा. कियोमिझु-देरा सकाळी सहाला उघडतं. डोंगरउतारावर लाकडी खांबांवर उचललेला त्याचा तेरा मीटर उंचीचा सज्जा 1633 सालचा आहे, आणि दहा वाजता तिथे उभं राहायला जागा नसते. सहा-साडेसहाला तिथे झाडू मारणारे सेवेकरी आणि रोज दर्शनाला येणारे आसपासचे रहिवासी भेटतात. फुशिमी इनारीला तर दारच नाही. चोवीस तास खुलं, प्रवेश विनामूल्य. शेंदरी तोरणांच्या खालून चढत गेलात की पहिल्या वळणापर्यंत दाटी, मग माणसं विरळ होत जातात. ही तोरणं व्यापाऱ्यांनी आणि कंपन्यांनी अर्पण केलेली असतात. देणाऱ्याचं नाव आणि तारीख मागच्या बाजूला कोरलेली असल्यानं ती उतरतानाच दिसतात. इनारी डोंगर 233 मीटरचा आहे आणि पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात. गुडघे दुखत असतील तर वर जायचा अट्टहास नको. आई खालच्या देवळापाशी बसली, मी योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत जाऊन आले.

आता बागांविषयी, कारण सहा ठिकाणांच्या दिवसात सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं होतं. र्‍योआन-जीची बाग टेनिस कोर्टाइतकीही मोठी नाही. पांढरी खडी, तिच्यात पंधरा दगड, दगडांच्या बुडाशी शेवाळ, पलीकडे तेल पाझरून डाग पडलेली मातीची भिंत. झाड नाही, पाणी नाही. ओसरीवर कुठेही बसलात तरी पंधरापैकी एक तरी दगड दुसऱ्यामागे लपलेला राहतो. उभ्याउभ्या फोटो काढणाऱ्याला हे कळायची शक्यताच नाही. बसून, जागा बदलून, पुन्हा बसून ते कळतं. दुसऱ्या खेपेला आम्ही आठला, मंदिर उघडल्याबरोबर, गेलो. आईनं दगड मोजले, चौदा भरले, सरकली, पुन्हा चौदा, पण आता नाहीसा झालेला दगड वेगळा होता. नंतर तिनं मोजणं सोडून दिलं आणि नुसती बसली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तसा खडीवरच्या दाताळ्याच्या रेषांचा रंग बदलत गेला. मला तोपर्यंत वाटायचं की या बागेची कीर्ती फुगवलेली आहे. आता तसं वाटत नाही, पण तिला वेळ दिला नाही तर ती खरोखरच काही देत नाही. आत शिरताना बागेची एक छोटी प्रतिकृती ठेवलेली आहे, दृष्टिहीन माणसांना हातानं चाचपून रचना कळावी म्हणून. तीही जरूर बघा.

तोफुकु-जीच्या बागा मला याहून जवळच्या वाटल्या. 1939 साली शिगेमोरी मिरेई या रचनाकारानं मठाधिपतींच्या निवासाच्या चारही बाजूंना त्या केल्या, आणि मठाची अट अशी की जुनं काही फेकायचं नाही. त्यामुळे उत्तरेला जुन्या फरसबंदीचे चौकोनी दगड शेवाळात बुद्धिबळाच्या पटासारखे पेरले आहेत, ते एका बाजूला हळूहळू विरत जातात. पूर्वेला जुन्या इमारतीच्या पायाचे सात खांब सप्तर्षींच्या आकारात उभे आहेत. नोव्हेंबरात लोक तिथल्या पुलावरून मेपल बघायला झुंबड करतात, आणि बागांकडे त्या मानानं थोडे वळतात. शेवाळासाठी जायचं तर जून चांगला. पाऊस असतो, हॉटेलं स्वस्त मिळतात, आणि हिरवा रंग किती प्रकारचा असू शकतो ते तेव्हा कळतं.

तेन्र्‍यू-जी या आराशियामातल्या मंदिरात बागेचं तिकीट वेगळं आणि इमारतीत शिरायचं वेगळं. ज्यांना जास्त चालवत नाही त्यांनी दोन्ही घ्यावीत. आत ओसरीत बसून तळं आणि मागचा डोंगर एकत्र दिसतो. चौदाव्या शतकात मुसो सोसेकी या झेन भिक्षूनं ती बाग रचताना तो डोंगर धरूनच रचली.

बुटांकडे लक्ष द्या. एका दिवसात अनेकदा काढावे-घालावे लागतात. नाडीचे बूट आणि आखडलेले गुडघे यांचं जमत नाही. नाडीशिवायचे, पण खडीवर न घसरणारे बूट घ्या, एक कापडी पिशवी त्यांच्यासाठी ठेवा, आणि हिवाळ्यात जाड मोजे दोन जोड. डिसेंबरात त्या लाकडी जमिनी बर्फासारख्या गार असतात आणि ही तक्रार आईनं रोज केली. सुटी नाणी आणि नोटा जवळ असू द्या. बऱ्याच ठिकाणी प्रवेशासाठी रोखच लागते.

वागण्याबद्दल थोडं. शिंतो देवस्थान आणि बौद्ध मंदिर यांतला फरक तोरणावरून ओळखायला शिका. देवस्थानात आधी पाण्याच्या कुंडापाशी डावा हात, उजवा हात आणि तोंड धुवायचं, ओगराळं तोंडाला लावायचं नाही. मग दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळी वाजवायची नसते, आपल्यासारखे शांतपणे हात जोडायचे. बागेत वाटेवर काळ्या दोरीनं बांधलेला एक वाटोळा दगड ठेवलेला दिसला, तर पलीकडे जायची मनाई आहे. तिथे पाटी नसते, कुणी ओरडतही नाही. आमच्या गटातल्या काहींनी तो ओलांडला, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पन्नास-शंभर वर्षं जपलेलं शेवाळ एका बुटाखाली चिरडतं. गिओनच्या खासगी गल्ल्यांत शिरू नका आणि गेइशा दिसल्या तर त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन धावू नका. त्या कामावर निघालेल्या बायका आहेत.

एका ठिकाणाबद्दल मात्र आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायचं आहे. सान्जूसान्गेन-दो. बहुतेक सहली ते वगळतात, कारण आत फोटो काढू देत नाहीत. 1249 च्या आगीनंतर 1266 साली पुन्हा बांधलेलं जवळजवळ 120 मीटर लांबीचं लाकडी दालन, आणि त्यात कान्नोनच्या 1001 मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्यातला. मुंबईच्या कान्हेरीत 41 व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे; इथल्या मूर्तींनाही अकरा मुखं आहेत. त्यांच्यापुढे रक्षक देवतांची रांग आहे, आणि तिच्यात बासरी वाजवणारा, चोच असलेला गरुड उभा आहे. आईनं त्याला माझ्याआधी ओळखलं आणि नकळत हात जोडले. तो-जीच्या व्याख्यान-दालनात हंसांवर बसलेला ब्रह्मदेव आणि हत्तीवरचा इंद्र भेटतात, नवव्या शतकातले. ही दोन्ही ठिकाणं क्योतो स्टेशनपासून जवळ आहेत, पाऊस असला तरी बघता येतात, आणि चढ नाही. वयस्क माणसं बरोबर असतील तर किन्काकु-जीआधी मी यांचं नाव घेईन. किन्काकु-जीचं सोनेरी मंदिर 1950 साली जाळलं गेलं आणि आता दिसतं ते 1955 सालचं आहे. सुंदर आहे, पण तिथे ठरलेल्या वाटेनं पुढे सरकत राहावं लागतं.

शाकाहारी लोकांनी साध्या दिसणाऱ्या टोफूच्या रश्श्यावरही विसंबू नये, कारण त्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. मठांची शोजिन र्‍योरी ही पद्धत मात्र मांस-मासळीशिवायची. तेन्र्‍यू-जीच्या आवारात शिगेत्सु या जागी ती मिळते. महाग वाटेल, पण आईनं परदेशात पहिल्यांदा तिथे निर्धास्तपणे जेवण केलं.

सहल कंपनीबरोबरच जाणार असाल तर पैसे भरण्याआधी प्रत्येक ठिकाणी किती वाजता पोचणार, आत किती वेळ मिळणार आणि कुठलं ठिकाण नुसतं बाहेरून दाखवणार, हे लेखी मागा. देत नसतील तर क्योतोचे दिवस स्वतःच आखा. आणि शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेलं साइहो-जी किंवा कात्सुरा आणि शुगाकुइन हे राजवाडे मनात असतील, तर तारखा ठरल्या की लगेच नोंदणी करा. राजवाड्यांची नोंदणी जपानच्या राजघराण्याच्या कार्यालयाकडे करायची असते आणि जाताना पासपोर्ट लागतो. साइहो-जीनं गर्दीनं शेवाळाची हानी होऊ लागल्यावर 1977 सालापासून मोकळा प्रवेश थांबवला. तिथे आयत्या वेळी जाऊन दारात तिकीट मिळत नाही.