दुर्घटनेनंतर काय बोलावं, कधी बोलावं?

प्रश्न : उजनी धरणातल्या बोट दुर्घटनेचे व्हिडिओ गावच्या ग्रुपवर अजूनही फिरतात. ‘वारं सुटल्यावर बोटीत बसायचंच कशाला?’ असंही लोक लिहितात. गेलेल्यांचे नातेवाईक त्याच ग्रुपवर आहेत. काय करावं?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : २१ मे २०२४च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. शोध तिसऱ्या दिवसापर्यंत चालला. तेवढा वेळ काठावर बसून राहिलेल्यांना ‘बसायचंच कशाला?’ हा प्रश्न वाचावा लागतो, हे क्रूर आहे. शिवाय तो चुकीचाही आहे, कारण कुगाव-कळाशीकरांसाठी बोट हा रोजचा रस्ता होता. जमिनीवरून जायचं तर मोठा वळसा पडतो.

म्हणून गप्पच बसावं, असंही नाही. दुर्घटनेबद्दल कसं बोलावं, याचं एक उदाहरण पाहा. पाण्याखालच्या गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांमध्ये मृत्यू वारंवार होत. अमेरिकेतल्या शेक एक्सली यांनी त्या मृत्यूंचा बारकाईनं अभ्यास करून १९७९मध्ये पुस्तिका काढली. परतीची दोरी अखंड ठेवा, आत जाताना एक तृतीयांशच हवा वापरा, हे नियम त्यांनी त्यातून ठसवले. त्यांचा भर काय चुकलं यावर होता. माझ्या मते मृतांचा खरा मान असं शिकण्यातच आहे.

व्हिडिओ टाकणाऱ्याला चारचौघांत न झापता फोन करा आणि तो काढून टाकायला सांगा. गेलेल्यांच्या घरी जा, उपदेश न करता नुसते बसा. आणि ग्रामसभेत विचारा : आपल्या काठावरच्या प्रत्येक बोटीत माणशी एक लाइफ जॅकेट आहे का?